वेदनेचा पुरावा अपिलात कसा मांडला

इंग्लंडमध्ये आईच्या पर्सनल इंडिपेंडन्स पेमेंटच्या (अपंगत्व किंवा दीर्घ आजारासाठीचा, गुणांवर ठरणारा सरकारी भत्ता) तपासणी अहवालात "खोलीत विनासायास चालल्या" असा शेरा आला आणि 50 ते 200 मीटर चालता येते असे धरून चारच गुण मिळाले. फेरविचारातही निर्णय बदलला नाही, म्हणून ट्रिब्युनलकडे अपील केले. शेरा खोडून काढण्यापेक्षा 2013 च्या नियमावलीतील नियम 4 वर मी भर दिला. सुरक्षितपणे, योग्य प्रकारे, पुन्हा पुन्हा आणि वाजवी वेळेत जमेल तीच कृती तिथे जमते असे मानतात. काठी टेकत कोपऱ्यापर्यंत जाताना कठडा धरून थांबणे, परतल्यावर दुपारभर पडून राहणे, दुसऱ्या दिवशी जिनाही न उतरणे, हे तिच्या रोजनिशीतले तपशील आणि वाढवलेल्या गोळ्यांबद्दल जीपीचे (फॅमिली डॉक्टरांचे) पत्र जोडले. 20 ते 50 मीटरचे 10 गुण मान्य झाले.