सहावी ते आठवीच्या फ्रेंच वर्गातले प्रकल्प: नव्या शिक्षकांसाठी माझा अनुभव

पहिल्या वर्षी मी सहावीच्या मुलांना सांगितलं होतं, ‘फ्रान्सविषयी काहीतरी करून आणा.’ पस्तीस मुलांच्या वर्गात अकरा आयफेल टॉवर आले. आइस्क्रीमच्या काड्यांचे, पुठ्ठ्याचे, एकाला तर दिव्यांची माळ लावलेली. घरोघरी आई-बाबा रात्री जागले असणार. एका मुलाला मी त्याच्या टॉवरबद्दल फ्रेंचमध्ये एक वाक्य बोलायला सांगितलं आणि तो खाली मान घालून उभा राहिला. चूक माझी होती. त्या कामात त्याला फ्रेंचची गरज कुठे पडलीच नव्हती.

तेव्हापासून प्रकल्प ठरवताना मी एकच गोष्ट बघते: हे काम पुरं करायला मुलाला दुसऱ्या कुणाला फ्रेंचमध्ये काही विचारावं लागणार आहे का? लागणार नसेल, तर तो हस्तकलेच्या तासाला द्यावा. आपल्याला आठवड्याला दोन-तीन तासिका मिळतात, त्या बोलण्यासाठी जपून ठेवाव्यात.

सहावीला सगळ्यांत जास्त देऊन जातो तो कुटुंबवृक्ष. मराठी मुलं इथे हमखास अडतात, आणि ते अडणंच कामाला येतं. काका आणि मामा, दोघेही फ्रेंचमध्ये ‘ओंक्ल’. आत्या, मावशी, काकू, मामी, सगळ्या ‘ताँत’. ‘मॅडम, पण मामा आणि काका एकच कसे?’ हा प्रश्न दरवर्षी येतो. लगेच उत्तर देऊन टाकू नका. उलट विचारा, मग हा मामाच आहे हे फ्रेंच माणसाला कसं सांगशील? थोड्या वेळाने कुणीतरी वाट काढतं: ‘ल फ्रेर द मा मेर’, माझ्या आईचा भाऊ. मालकी दाखवणारे ‘मों, मा, मे’ आणि जोडणारा ‘द’ मी व्याकरणाच्या तासाला कितीही घोकून घेतले तरी असे बसत नाहीत.

वृक्ष काढून भिंतीवर लावायचा नाही, लपवायचा. जोडीदाराने ‘कि ए-स?’ (हे कोण?) असं विचारत विचारत तो आपल्या वहीत पुन्हा काढायचा. शेवटी दोन्ही कागद शेजारी ठेवले की चुका मुलांना स्वतःच दिसतात.

इथे एक काळजी घ्या. वर्गात वडील गमावलेली, आजीकडे वाढणारी मुलं असतात. म्हणून पहिल्याच दिवशी सगळ्यांनाच पर्याय द्या: स्वतःचं कुटुंब, मनातलं कुटुंब किंवा इतिहासातलं. भोसले घराणं मुलं आवडीने घेतात. राजाराम संभाजीराजांचे सावत्र भाऊ, म्हणजे ‘दमी-फ्रेर’. ताराबाई शाहूंच्या चुलती, म्हणजे ‘ताँत’. इतिहासाच्या पुस्तकातली माणसं फ्रेंचमधून नात्याने जोडताना वर्ग रंगतो.

सातवीला बाजार भरवते. बाकांवर भाज्या, खोटे युरो, निम्मी मुलं विक्रेते. ‘त्यू’ आणि ‘वू’ शिकवायला फार वेळ घालवू नका. तू आणि तुम्ही आपल्याकडे आहेतच, अनोळखी दुकानदाराला ‘वू’ हे मुलांना न सांगता कळतं. मात्र हल्ली बहुतेक फ्रेंच घरांत मुलं वडिलांनाही ‘त्यू’ म्हणतात, हे ऐकून बाबांना अहो-जाहो करणाऱ्या मुलांचे डोळे विस्फारतात. त्यावर पाच मिनिटं बोलू द्या.

खरी कसोटी आकड्यांची. ७० म्हणजे साठ आणि दहा, ८० म्हणजे चार वीस, ९२ म्हणजे चार वीस आणि बारा: ‘कात्र-वँ-दूझ’. मुलं घाबरतात. मी त्यांना घरी पाठवते, आजी-आजोबांना ‘चार विसा’ म्हणजे किती ते विचारायला. जुन्या माणसांना विसांनी मोजणं ठाऊक असतं. शिवाय जे मूल एकोणऐंशी म्हणताना ऐंशीतून एक वजा करतं, त्याला चार विसांत बारा मिळवणं अवघड नाही, हे त्याला दाखवून द्या. बाजारात प्रत्येक वस्तूची किंमत मुद्दाम ७० ते ९९ च्या मधली ठेवा. भाव महाग वाटतो, पण ‘से कोंबियँ?’ (किती झाले?) विचारलं की उत्तर ऐकून पैसे मोजावेच लागतात.

आठवीला वेळापत्रक. फ्रान्समधल्या त्यांच्या वयाच्या मुलांचं आणि आपलं. तिथे माध्यमिकचे वर्ग उलटे मोजतात, अकराव्या वर्षी ‘सिझिएम’ (सहावा), मग पाचवा, चौथा, तिसरा. बुधवारी दुपारी बहुतेक ठिकाणी तास नसतात. गुण वीसपैकी. यातून ‘बुधवारी तू काय करतोस?’ यासारखे प्रश्न आपोआप निघतात आणि चोवीस तासांच्या घड्याळाचाही सराव होतो.

लिखाण मात्र वर्गातच करून घ्या. घरी दिलं की भाषांतराचं ॲप लिहून देतं, आणि मुलाने कधी न पाहिलेला भूतकाळ वहीत येतो. मूल त्यातला एक शब्द वाचू शकत नाही, तेव्हा त्याला होणारी लाज मला बघवत नाही.

२० मार्चला फ्रेंच भाषिक जगाचा दिवस असतो, १९७० साली नायजरमधल्या निआमे इथे झालेल्या कराराची आठवण म्हणून. आपल्याकडे तेव्हा परीक्षा असतात, म्हणून मी तो जानेवारीतच साजरा करते आणि त्या दिवशी पॅरिस वर्ज्य. सेनेगल, क्वेबेक, आणि १९५४ पर्यंत फ्रेंचांच्या ताब्यात असलेलं पुदुच्चेरी घ्या.

आमच्या शाळेचं नवं वर्ष एप्रिलच्या सुरुवातीला उघडतं, ते नेमकं फ्रेंच मुलांच्या ‘प्वासों दाव्रिल’च्या, एकमेकांच्या पाठीवर कागदी मासे चिकटवायच्या दिवसाच्या आसपास. आमच्या आठवीच्या माशांवर तीन सोपी वाक्यं आणि खाली ‘कि स्वी-ज?’ (मी कोण?) असतं. ज्याच्या पाठीवर मासा सापडेल, त्याने वर्गभर फिरून, फ्रेंचमध्ये विचारत विचारत चिकटवणाऱ्याला शोधायचं. सुट्टीनंतरच्या पहिल्या तासाला, वह्याही मिळालेल्या नसताना, चाळीस मिनिटं सगळा वर्ग बोलत असतो.