पहिली-दुसरीतल्या पोरांना आकडे शिकवताना

त्रेसष्ट सांगितलं की पोरगं ३६ लिहितं, लगेच ओरडू नका हो, मराठीत आधी तीन ऐकू येतो मग साठ, तिथंच गोंधळ होतो. २०१९ ला बालभारतीच्या दुसरीच्या पुस्तकात 'साठ तीन' टाइप वाचन आलं तेव्हा केवढी चेष्टा झाली, पण सुरुवातीला ते कामाला येतं, फक्त त्रेसष्ट पण सोबत म्हणायचं. आधी आइस्क्रीमच्या काड्या द्या, दहा-दहाचे गठ्ठे रबर लावून, सहा गठ्ठे आणि तीन सुट्ट्या, मोजून झालं की मगच पाटीवर आकडा. एकोणतीस, एकोणसाठ वगैरे सगळ्यात शेवटी घ्या, 'एक कमी' म्हणून एक काडी काढून दाखवायची. रोज पंधरा मिनिटं बास, कंटाळला की सरळ खेळायला सोडा.