खो-खोतील बसणे, उठणे आणि खो देणे: मुलांना कसे दाखवावे

आठ-दहा वर्षांच्या मुलांना खो-खो शिकवताना आधी नियम समजावून सांगण्याचा मोह आवरावा. या वयात मूल ऐकण्यापेक्षा पाहून अधिक शिकते आणि जे दिसेल ते त्यातल्या खोडीसकट उचलते. म्हणूनच पाठलागाच्या आधी चौरसात नीट बसणे आणि खो देणे-घेणे हे करून दाखवावे.

बसण्याच्या दोन पद्धती रूढ आहेत. एकीत दोन्ही चवडे एका ओळीत असतात, तर बुलेट पद्धतीत एक पाऊल मागे असते. बुलेट पद्धतीने झेप जोरात घेता येते, परंतु नवख्यांनी पहिलीच गिरवावी, कारण तीतून डावीकडे आणि उजवीकडे सारख्याच सहजतेने निघता येते. दाखवताना मुलांकडे तोंड करून बसू नये; ती आरशासारखी नक्कल करतात आणि शिक्षकाचा उजवा पाय त्यांचा डावा होतो. मुलांकडे पाठ करून, त्यांचे तोंड ज्या दिशेला आहे त्याच दिशेला बसावे. त्यानंतर एकदा आडवे वळून बाजूने दाखवावे, कारण टाचा किती उचलल्या आहेत, भार चवड्यांवर आहे का, बोटे जमिनीला कशी टेकली आहेत, हे फक्त बाजूनेच दिसते.

कृती प्रथम पूर्ण वेगाने, काही न बोलता दाखवावी, मग सावकाश, आणि शेवटी पुन्हा पूर्ण वेगाने. केवळ सावकाश दाखवले, तर मुले तो संथपणाही कौशल्याचाच भाग समजतात आणि पुढे सामन्यातही रेंगाळत उठतात. गुडघे कुरकुरणाऱ्या शिक्षकांनी हे काम दोन इयत्ता पुढच्या एखाद्या विद्यार्थ्याकडे खुशाल सोपवावे. त्याला पाहून लहानग्यांना ‘हे मलाही जमेल’ असे अधिक वाटते.

खो मात्र निव्वळ पाहून येत नाही, कारण तो पाठीमागून मिळतो आणि बसलेल्याला देणारा दिसत नाही. येथे पाठीला हाताचा स्पर्श, लगेच मोठ्याने ‘खो’ आणि मगच उठणे, हा क्रम जोडीजोडीने, चालण्याच्या वेगात करून घ्यावा. उत्साहाच्या भरात मुले दोन पावले आधीच ओरडतात आणि बसलेला त्या आवाजावरच उठतो. खो मिळण्याआधी उठणे हा नियमभंग आहे. बसलेल्यांनी डोळे मिटून सराव केल्यास ही सवय लवकर सुटते. खो देणाऱ्याने लगेच त्याच चौरसात बसायचे असते. हेही त्याच प्रात्यक्षिकात यावे, नाहीतर मूल खो देऊन तिथेच पाहत उभे राहते.

एखाद्याची चूक हसवण्यासाठी वर्गापुढे करून दाखवू नये. सगळा वर्ग नेमकी तीच उचलतो. त्या मुलाशेजारी बसून योग्य कृती करावी आणि त्याला सोबत करू द्यावी. एवढे जमले की आठ जणांना एकाआड एक विरुद्ध दिशांना तोंड करून बसवावे, नवव्याला धावू द्यावे आणि क्रम बिघडताच पुन्हा चालण्याच्या वेगावर आणावे.