गाडीनं एअर धरली तर

ऊस भरलेली माझी जुनी दहाचाकी शिरोली नाक्यावर बंद पडली. सेल्फ फिरतोय, इंजिन काय धरंना. आदल्या दिवशीच डिझेल फिल्टर बदललेला, म्हणजे डिझेलच्या लाइनीत एअर, हवा शिरलेली.

भावांनो, सेल्फ मारत बसू नका, बॅटरी बसंल. फिल्टरवरचा ब्लीड बोल्ट, म्हणजे हवा काढायचा बोल्ट, दोन आटे सैल करा, डिझेलचा हातपंप मारा. आधी फेस येतो, मग बुडबुडे. सलग धार लागली की धार चालू असतानाच बोल्ट आवळा. मग इंजिनात डिझेल मारणाऱ्या मेन पंपावरचा, तसाच.

परत परत एअर धरत असंल तर टाकीपासून, डिझेल ओढणाऱ्या फीड पंपापर्यंतची लाइन तपासा. तिथं डिझेल गळताना दिसंलच असं नाही. ती लाइन हवा आत ओढते. माझ्या गाडीत तांब्याचं वॉशर चेपलेलं निघालं. जुनंच परत घालायची काटकसर माझीच!