ऑफिसच्या वायफायला प्रत्येकाचं वेगळं लॉगिन

भोसरी एमआयडीसीतल्या एका छोट्या कारखान्याचं नेटवर्क मी बघतो. तिथे वायफायचा पासवर्ड एकच होता आणि तो वॉचमनपासून चहावाल्यापर्यंत सगळ्यांना तोंडपाठ. नोकरी सोडून गेलेल्याचा फोनही गेटाशी आला की आपोआप जोडला जायचा. यावर फुकटातला पक्का इलाज म्हणजे फ्रीरेडियस: वायफायला जोडणाऱ्या प्रत्येकाचं नाव आणि पासवर्ड तपासणारा सर्व्हर. ओपन सोर्स आहे, १९९९ पासून चालू आहे. कोपऱ्यात पडलेला जुना डेस्कटॉप त्याला पुरतो.

त्यावर डेबियन (लिनक्सचा एक प्रकार) टाका आणि त्याच्याच भांडारातून फ्रीरेडियस घ्या. मग क्लायंट्सच्या फाइलमध्ये प्रत्येक ॲक्सेस पॉइंटचा (वायफाय देणाऱ्या डब्याचा) आयपी आणि एक लांबलचक सीक्रेट, म्हणजे तो डबा आणि सर्व्हर यांच्यातला गुप्त शब्द, लिहा. ॲक्सेस पॉइंटवर सिक्युरिटी 'डब्ल्यूपीए-टू एंटरप्राइज' (माणशी वेगळ्या लॉगिनची पद्धत) करून सर्व्हरचा आयपी, पोर्ट १८१२ आणि तेच सीक्रेट भरा. युजरच्या फाइलमध्ये माणशी एक ओळ: नाव आणि पासवर्ड. चाळीस-पन्नास माणसांसाठी डेटाबेसच्या भानगडीत पडू नका.

आता सर्व्हिस थांबवून फ्रीरेडियस डीबग मोडमध्ये चालवा. कमांडपुढे उणे चिन्ह आणि कॅपिटल एक्स. शेवटी 'रेडी टू प्रोसेस रिक्वेस्ट्स' दिसलं की दुसऱ्या खिडकीत रेडटेस्ट हे चाचणीचं साधन चालवा. 'ॲक्सेस-ॲक्सेप्ट' (लॉगिन मान्य) आलं म्हणून लगेच हुरळून जाऊ नका. रेडटेस्ट एरवी नुसता साधा पासवर्ड पाठवून बघतं. फोन येतो पीईएपी नावाच्या लॉगिन पद्धतीने, आधी टीएलएसचा (एन्क्रिप्शनचा) बोगदा उभारून, आणि खरी गंमत तिथेच असते.

गंमत म्हणजे सर्टिफिकेट, सर्व्हरचं ओळखपत्र. डेबियनवर सुरुवातीला नमुन्याचं सर्टिफिकेट जोडलेलं असतं, ते तसंच ठेवू नका. सर्ट्स फोल्डरमधल्या फाइलींत कंपनीचं नाव, सर्व्हरचं नाव आणि नवा पासफ्रेज भरा. मुदतही बघा: तिथे मुळात ६० दिवस असतात, म्हणजे दोन महिन्यांनी एका सकाळी सगळं ऑफिस बाहेर. मग नवी सर्टिफिकेटं बनवून ईएपीच्या (लॉगिन पद्धतींच्या) फाइलमध्ये त्यांचा पत्ता द्या आणि तिथलाच डिफॉल्ट प्रकार एमडी५ वरून पीईएपी करा.

सीए सर्टिफिकेट (ज्यावरून फोन सर्व्हरचं सर्टिफिकेट पडताळतो ते) प्रत्येक फोनमध्ये घाला आणि डोमेनच्या रकान्यात सर्व्हरचं नाव लिहा. कटकट आहे, पण टाळू नका. पडताळणी नसेल तर तुमच्याच नावाचं वायफाय लावून रस्त्यात बसलेल्या भामट्यालाही फोन लॉगिनची माहिती देऊन मोकळा होतो. अँड्रॉइड ११ नंतर बऱ्याच फोनांतून 'व्हॅलिडेट करू नका' हा पर्याय काढला, ते बरंच झालं.

पीईएपीतल्या एमएसचॅपला (बोगद्याच्या आत पासवर्ड तपासण्याच्या पद्धतीला) पासवर्ड उघडा किंवा एनटी हॅशच्या (विंडोजच्या सांकेतिक) रूपात लागतो, त्यामुळे ती युजरची फाइल दुसऱ्या कोणाला वाचता येता कामा नये. सर्व्हर आणि ॲक्सेस पॉइंट ज्या भाषेत बोलतात त्या रेडियसमधली ब्लास्ट-रेडियस ही त्रुटी जुलै २०२४ मध्ये जाहीर झाली. म्हणून आवृत्ती त्यानंतरच्या दुरुस्तीची घ्या, मेसेज-ऑथेंटिकेटर (निरोपाचा खरेपणा पटवणारी खूण) सक्तीचा करा आणि रेडियसची वाहतूक वेगळ्या व्हीलॅनवर (नेटवर्कच्या वेगळ्या कप्प्यात) ठेवा.

कोणी नोकरी सोडली की त्याची ओळ खोडा, सर्व्हिस रीस्टार्ट करा आणि ॲक्सेस पॉइंटवरून त्याचा फोन तोडा. आधीच जोडलेला फोन नुसत्या ओळ खोडण्याने लगेच सुटत नाही. जुने प्रिंटर आणि कॅमेरे यातलं काही जाणत नाहीत. त्यांना साध्या पासवर्डचं वेगळं वायफाय द्या, इंटरनेट बंद करून.