सागवानी फर्निचर घेताना दुकानदार कसा पारखावा

पॉलिश झालेला पलंग पाहून काहीच कळत नाही. म्हणून आधी विचारा, "पॉलिश न झालेला माल बघता येईल का?" ज्याचा स्वतःचा कारखाना आहे तो आनंदाने नेतो, टाळाटाळ झाली, तर सरळ पुढचं दुकान गाठा. कच्च्या लाकडात गाभ्याचा भाग सोनेरी-तपकिरी दिसतो आणि कडेचा फिकट पांढुरका. कीड आधी लागते ती या पांढऱ्या भागाला, आणि काही जण नेमका तोच भाग रंग देऊन लपवतात. ड्रॉवर पूर्ण बाहेर काढा. कोपरे एकमेकांत खाचा करून बसवलेत की नुसते खिळे ठोकलेत, हे तिथे उघडं पडतं. तळाची आणि पाठीमागची फळी प्लायची असेल तर हरकत नाही, फक्त ती सांगून दिलेली हवी. लाकूड नीट वाळवलेलं आहे का, हेही विचारा. ओलावा साधारण 12 टक्क्यांच्या आसपास असावा. ओलं राहिलं तर उन्हाळ्यात सांधे उघडतात.

बिलावर मात्र 'सागवान फिनिश', म्हणजे नुसतं वरून सागवानासारखं दिसणारं, असं चालवून घेऊ नका. कुठला भाग भरीव सागवानाचा, कुठला प्लाय किंवा व्हिनियरचा (वरून चिकटवलेल्या लाकडाच्या पातळ पापुद्र्याचा), हे लिहूनच घ्या. आणि चार-पाच वर्षांपूर्वीच्या एखाद्या गिऱ्हाइकाशी बोलायला मिळालं तर फारच उत्तम.