आधी मान, मग हसू

माझी आई कोणी कॅमेरा काढला की मागच्या रांगेत सरकायची. ‘माझे फोटो चांगले येत नाहीत’ हे तिचं ठरलेलं वाक्य. पोर्ट्रेट काढायचं काम करताना तेच वाक्य मी जवळजवळ रोज ऐकते, आणि दर वेळी मला वाईट वाटतं, कारण चेहऱ्यात काहीच खोट नसते.

आपण स्वतःला आयुष्यभर आरशात पाहतो. आरशात डावं-उजवं उलटं असतं, त्यामुळे फोटोतला चेहरा परका वाटतो. १९७७ साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात बऱ्याच जणींना स्वतःची आरशातली छबी जास्त आवडली, त्यांच्या मैत्रिणींना मात्र सरळ फोटोतली. लोक तुम्हाला रोज तसंच बघतात आणि त्यांना तुम्ही आवडता, हे मनाशी धरून उभं राहा.

दुसरी गोष्ट अंतराची. हातभर अंतरावरून सेल्फी घेतली की नाक कॅमेऱ्याच्या फार जवळ येतं, कान मागे पडतात आणि नाक मोठं दिसतं. फोन दुसऱ्याच्या हातात द्या, त्याला दीड-दोन मीटर मागे उभं करा आणि दुप्पट झूम करायला सांगा. मी चेहऱ्यासाठी ८५ मिमीची, म्हणजे लांबून चेहरा मोठा टिपणारी लेन्स वापरते, तीही याच कारणासाठी: तेवढं मागे जावंच लागतं. ग्रुप फोटोत अगदी टोकाला उभं राहणं टाळा, वाइड, म्हणजे रुंद दृश्य टिपणारी लेन्स कडेचे चेहरे ताणते.

आता मान. कॅमेरा समोर आला की माणूस नकळत मागे सरतो, मान आखडते आणि हनुवटीखाली वळी पडते. बारीक माणसांनाही पडते! कासव डोकं बाहेर काढतं तसं कपाळ कॅमेऱ्याकडे न्या, मग हनुवटी बोटभर खाली. बाजूने बघणाऱ्याला हे विचित्र दिसेल, पण समोरून जबड्याची रेघ स्वच्छ उमटते. नुसती हनुवटी वर उचलू नका, नाकपुड्या दिसतात. आरशासमोर कडेने उभं राहून दहा वेळा करून पाहा, मग अंगवळणी पडतं.

शरीर थोडं तिरपं, भार मागच्या पायावर, कोपर कमरेपासून जरा सुटं. दंड अंगाला दाबला की चपटा होऊन रुंद दिसतो. हातांना काम द्या: पुस्तक, कप, खुर्चीची पाठ, काहीही चालेल.

उजेड खिडकीचा उत्तम. तोंड खिडकीकडे करा, पाठ नको. भर दुपारचं ऊन डोळ्यांखाली खड्डे पाडतं, तेव्हा सरळ सावलीत जा.

हसण्याबद्दल मी सगळ्यात हट्टी आहे. फ्रेंच डॉक्टर द्युशेन यांनी १८६२ साली दाखवलं की खऱ्या हसण्यात डोळ्यांभोवतीचा स्नायूही आकसतो, आणि तो हुकमाने हलवणं कठीण असतं. म्हणून मी कोणालाही ‘स्माइल’ म्हणत नाही. डोळे मिटायला सांगते, श्वास हळू सोडायला सांगते आणि तीन म्हटल्यावर डोळे उघडायला. पापण्या मिटलेला फोटो येत नाही आणि जबडाही सैल होतो. आईला मान पुढे काढताना हसू फुटलं, तेव्हा मी बटण दाबलं. तो फोटो तिने स्वतः मागून घेतला.

फोटो निघाल्या निघाल्या स्क्रीन बघायला धावू नका, चेहरा पुन्हा आखडतो. सलग वीस-पंचवीस काढू द्या आणि दुसऱ्या दिवशी निवडा.